गोधडीखालची निळी बत्ती

राजिवड्यात बोलणं होतं की ताजबीकडे मेलेल्या शिपायांचे कपडे आहेत, आणि ती भर दुपारी गोधडीत शिरून त्यांच्याशी गप्पा मारते. बातमी मासे विकणाऱ्या काशीची. तिने खिडकीतून ती गोधडी आतून निळी पेटलेली पाहिली होती, आणि काशीने सकाळी पाहिलेलं संध्याकाळपर्यंत बंदरावरच्या मांजरांनाही ठाऊक होतं.

खरं एवढंच, की ताजबी बिल्ले तपासते. दुसऱ्या महायुद्धातल्या पलटणींचे, बाहीवर शिवायचे कापडी बिल्ले. शौकीन लोक हल्ली ते जमवतात, आणि जिथे शौकीन तिथे नकली माल आलाच. ताजबीचा बाप कुलाब्याला लष्करी कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडे कारागीर होता. बिल्ल्याचे टाके तिने त्याच्या मांडीशी बसून पाहिलेले. निळी बत्ती मुलाने, अकबरने, मस्कतहून पाठवलेली. तिथे दुकानात नोटा पारखायला वापरतात ती. तिच्या उजेडात बहुतेक नवा धागा चमकतो, जुनं सूत मढ्यासारखं पडून राहतं. त्यासाठी अंधार लागतो, आणि ताजबीच्या कौलांना इतक्या फटी की दिवसा अंधार मिळतो तो गोधडीखालीच.

तेव्हा घरात भूत नव्हतं. भीती मात्र होती, आणि ती खुद्द ताजबीला होती.

तीन वर्षांपूर्वी पोफळीच्या कॉलनीतले रावजी चुलत्याचा बिल्ला घेऊन आले होते. बिल्ला नकली होता. पण म्हातारा इतक्या आशेने तोंडाकडे बघत बसला, की हिच्या तोंडून "खरा आहे" निघून गेलं. रावजींनी तो चौकटीत बसवला, शाळेच्या कार्यक्रमात नेला, आणि तिथे कुणा जाणत्याने चार लोकांत चौकट उघडून मागचा नायलॉनचा धागा दाखवला. रावजी पुन्हा राजिवड्यात आले नाहीत. तेव्हापासून दारात म्हातारं माणूस दिसलं की ताजबीला दार लोटून घ्यावंसं वाटतं.

या भाद्रपदात हौसा आली. हातखंब्याच्या वरच्या वाडीतली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एसटीने, एकटी. गाठोड्यातून तिने लाल कापडाचा तुकडा काढला. त्यावर पिवळ्या धाग्याची तीन पानं.

"माजा सासरा, शिवा. इटलीच्या लढाईत गेला तो परत नाय आला. ह्यो येवडाच आला, टपालानं."

कागद नव्हते. सासूने पेन्शनची सही कधी केलीच नाही. केली असती तर नवरा मेला हे मान्य करावं लागलं असतं. फोटोही नव्हता. म्हाळाच्या दिवशी वाडीत सगळे आपापल्या मेलेल्यांचे फोटो पानासमोर मांडतात, हौसा हा बिल्ला मांडायची. यंदा नातू सागर मुंबईहून एका शौकिनाला घेऊन आला. शौकिनाने तसलीच निळी बत्ती मारली, हसला, आणि म्हणाला, आजी, हे बाजारातलं. झालं. वाडी म्हणायला लागली, शिवा कसला पलटणीत जातोय, मुंबईला दुसरं घर करून बसला असेल. म्हाळाला आठ दिवस होते.

"बाजारातलं पानापुडं मांडू काय गो? माज्या सासूनं त्या तुकड्यावर जन्म काढला. तू बघ, आणि काय असंल ते सांग."

काय असेल ते. ताजबीला नेमकं हेच नको होतं.

दोघी गोधडीखाली शिरल्या. वर गोधडी, बाहेर कोंदट हवा, आत दोघींचा घाम.

"माज्या पायाला मुंग्या आल्या."

"हलू नका, मावशी."

ताजबीने बत्ती दाबली. तिन्ही पानं दुधासारखी निळी-पांढरी पेटली.

म्हणजे नवा धागा. अंधारात म्हातारीचा श्वास कानाशी लागत होता.

"काय दिसतंय?"

उत्तर द्यायला नको म्हणून ताजबीने बत्ती बाजूला वळवली. उजेड हौसाच्या पदरावर पडला, आणि पदराची पांढरी किनारही तश्शीच पेटली. तोच रंग, तीच चमक.

"मावशी, हा बिल्ला तुम्ही धुता काय?"

"म्हंजे काय? दर म्हाळाला. पावडरीत रातभर भिजत घालते. मामंजींना मळक्यात जेवायला बसवू?"

एरवी ताजबी हसून लोळली असती. कपड्याच्या पावडरीतच ती चमक असते. पण भीती जागची हलली नाही. वर पावडर असली तरी खाली नवा धागा नसेल कशावरून? आता एकच उपाय उरला होता. तिने गोधडी बाजूला सारली.

"मागच्या बाजूचा एक धागा जाळून बघावा लागेल."

हौसाने बिल्ला छातीशी ओढला. "जाळणार?"

"एकच. सूत असेल तर राख होईल. कारखान्यातला नवा धागा असेल तर वितळून त्याची काळी गोळी होते."

"आणि गोळी झाली तर?"

रावजींचं तोंड ताजबीच्या डोळ्यांसमोर आलं. हौसा बराच वेळ बिल्ल्यावर बोट फिरवत राहिली. मग तिने तो पुढे केला.

ताजबीने सुईने देठातला धागा सोडवून चिमट्यात धरला. दमट हवेत दोन काड्या नुसत्याच घासल्या गेल्या, तिसरी मोडली. हौसाने काडेपेटी तिच्या हातातून काढून घेतली आणि चौथी आपणच ओढली.

धागा सरळ जळत गेला. कागद जळाल्यासारखा वास आला. बशीत काळपट ठिपका पडला. राख की गोळी, बघून कळेना. ताजबीचं बोट पुढे जाईना. हौसाने बोट टेकवलं.

ठिपका बोटावर पसरला.

"राख," ताजबी म्हणाली. मग तिने दुमडलेली कड उलगडून खाकी दोऱ्याची दोन टोकं दाखवली. "ही मी आधीच पाहिली होती. नकलीवाले हेही करतात, म्हणून बोलले नाही. तुमचे मामंजी कुठे गेले, ते हा सांगत नाही. पण धागा त्या काळचा आहे, आणि बिल्ला बाहीवर शिवलेला होता. यापुढे पाणी लावायचं नाही."

हौसाने ते बोट पदराला पुसलं नाही. तसंच वर धरून ती एसटीत बसली. म्हाळाला बिल्ला न धुता पानासमोर मांडला गेला, असा सागरचा फोन आला.

त्या दुपारी काशी खिडकीशी होतीच. दुसऱ्या दिवशी टोपली उतरवत तिने खोदून विचारलं, "खरं सांग ताजबी, गोळी झाली असती तर सांगितलं असतंस म्हातारीला?"

ताजबी म्हणाली, "सांगितलं असतं. आणि परत तिला घेऊन गोधडीत शिरले असते, तुला खिडकीतून रडणं दिसू नये म्हणून."