मुलीकडची बाई

एका जागी बसवत नाही, हा माझा जुना रोग. शाळेतली नोकरी संपल्यावर तो बळावलाच. महिन्यातून एकदा पिशवी उचलायची आणि एकटीनेच कुठंतरी निघायचं. त्या दिवशी तिकीट पूर्णेपर्यंतचं होतं, पण परभणीला गाडी रेंगाळली, मला दम निघेना आणि मी उतरून मोकळी झाले.

बाजारामागच्या गल्ल्यांत शिरले. बेकरीत टोस्ट भाजत होते, गादीवाल्याच्या मशीनमधून कापूस रस्त्यावर उडत होता, बांगड्यांच्या दुकानात बायकांची झुंबड होती आणि स्कूटरवाले हॉर्न वाजवत अंगावर येत होते. एक बघावं तर दुसरं राहतंय, अशी माझी तगमग. त्यात तोंडाला कुलूप नाही. एका किराणावाल्याला विचारलं, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? घरं स्वतःची की भाड्याची? समोरच्या हिरव्या दाराच्या घरात कोण राहतं? दार मला आवडलं होतं, बाकी काही नाही.

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि समोर हाक मारली, "काकू, पाव्हण्या आल्यात!"

हिरव्या दारातून साठीची एक बाई पदर सावरत आली आणि हाताला धरून मला आत घेऊन गेली.

"अहो, मी सहज फिरत..."

"सहजच येतेत समदे. चौकशीला सांगून कोण येतंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परगावची, वयस्क, एकटी बाई पाण्याचं विचारते, घर कुणाचं विचारते, म्हणजे मुलीकडून गुपचूप स्थळ बघायला आलेली. माझ्या नसत्या चौकशांनी मला बरोबर तिथं नेऊन बसवलं होतं.

बाईंनी टाकी दाखवली, गच्ची दाखवली, फ्रीजही उघडून दाखवला. "लेक एकुलता हाय. मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, वालूरला थोडी जमीन हाय. पस्तिसावं लागलंय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, गल्लीत कुणालाबी इचारा." बोलता बोलता पोहे पुढ्यात आले आणि मी ते खाल्ले. प्रत्येक घासाला खरं सांगणं आणखी अवघड होत गेलं.

मग त्यांनी लेकाला फोन लावला, "दुकान बंद कर आणि लगेच घरी ये." माझं धाबं दणाणलं. गाडीची वेळ झाली असं सांगून मी उठलेच. त्यांनी कुंकू लावलं आणि दारात म्हणाल्या, "न्हाई म्हणायचं असलं तरी कळवा. मागच्यांनी कळवलंच न्हाई."

"कळवते," मी म्हणाले. काय कळवणार होते, देव जाणे.

नंतरच्या दोन गल्ल्यांत मी काय बघितलं ते आठवत नाही. पाय पुढं पडत होते आणि मन मागं ओढत होतं. लाज वाटत होती, स्वतःचा संताप येत होता. बांगड्या घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. शेवटी चक्क उलट पावली पळत सुटले.

हिरव्या दाराच्या आत आता लेकही होता. घाईघाईत तोंड धुतलेलं, अंगात इस्त्रीचा शर्ट. मला बघून तो उठून उभा राहिला. मी उंबऱ्यातूनच एका दमात सांगून टाकलं, मी कुणाकडून आलेली नाही, नुसती गल्ली बघत हिंडत होते, चूक झाली.

मला वाटलं, त्या चिडतील. त्या नुसत्या खाली बसल्या. लेकाने मान वळवली आणि मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं.

"हे सांगायला कशाला परत आलात, बाई?" त्या म्हणाल्या. "दोन दिवस तरी बरे गेले असते आमचे."

मला मात्र तोवर हलकं वाटायला लागलं होतं.