तिच्या कॅमेऱ्याचा पट्टा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळणं सोपं होतं, कारण कोणी विचारतच नव्हतं. घरात, नातेवाइकांत, वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत सगळ्यांना एवढंच माहीत आहे, की माझ्या बायकोने फोटो काढणं मानेच्या दुखण्यामुळे सोडलं. मीच तसं सांगत आलो. इतक्यांदा सांगितलं, की मधली काही वर्षं मलाही ते खरं वाटायचं. आता वय झालं. खोटं लक्षात ठेवायचाही शीण होतो. तिची मान दुखत नव्हती.

कॅमेरा तिचा होता. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या रकमेतून तिने स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू. बाकीचं घराच्या रंगाला, मुलीच्या बाळंतपणाला, कुठे कुठे गेलं. लांब लेन्सचा, खास पक्ष्यांसाठीचा कॅमेरा होता तो. मी म्हणालो होतो, "मोबाइलमध्ये येतात की फोटो." त्यावर ती म्हणाली, "माणसांचे येतात. पक्षी मोबाइलसाठी थांबत नाहीत."

पट्टा मात्र मी निवडला.

खोक्यात कॅमेऱ्यासोबत एक पट्टा आला होता, पातळ, त्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. तो मला नको होता. चोराला लांबूनच कळेल गळ्यात काय लटकतंय ते. म्हणून आम्ही नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन प्रकार काउंटरवर ठेवले. एक रुंद, मऊ, खांद्यावरून तिरका घालायचा. त्याचा हूक कॅमेऱ्याच्या बुडाला, जिथे स्टँडचा स्क्रू बसतो तिथे लागायचा. कॅमेरा कमरेपाशी लोंबकळतो, लागेल तेव्हा वर ओढून घ्यायचा, सोडला की पुन्हा खाली. दुसरा साधा, गळ्यात घालायचा, पण त्याच्या आत पोलादी तार शिवलेली, ब्लेडने कापता येऊ नये म्हणून. मानेवर येतो त्या भागाला खालून रबर, घसरू नये म्हणून.

तिने पहिला उचलून अंगावर घालूनही पाहिला.

"हा बरा वाटतो. माझी ऑफिसची पर्स अशीच असायची. डबा, छत्री, भाजी, सगळं ह्याच खांद्याने वाहिलंय."

"पर्स पडली तर डबा सांडेल. हा पडला म्हणजे?"

"नाही पडत साहेब," दुकानदार म्हणाला, "हुकाला वरून लॉक आहे."

"आणि मागून येऊन कोणी कापला तर? हल्ली मोटारसायकलवरून येऊन चेनी ओढतात."

"येऊरच्या जंगलात कोण येतंय कापायला?" ती म्हणाली. "बिबट्या?"

दुकानदार मोठ्याने हसला. मी हसलो नाही. तार असलेला बांधून द्यायला सांगितलं. तिने आपल्या अंगावरचा तो पट्टा काढला, घडी करून काउंटरवर ठेवला आणि पर्समधून पैसे काढून दिले. पैसेही तिचेच.

आमच्या भागातल्या निवृत्त मंडळींचा एक गट दर रविवारी सकाळी येऊरला पक्षी बघायला जायचा. मी त्यात चालण्यासाठी जात होतो. ती माझ्यामागून आली आणि थोड्याच दिवसांत माझ्या पुढे गेली. हळद्या कुठल्या झाडावर येतो, नाचण कधी शेपटीचा पंखा उघडतो, हे लोक मला सोडून तिला विचारू लागले. मला त्याचं काही वाटत नाही असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

पट्ट्याचा त्रास पहिल्याच महिन्यात सुरू झाला. लेन्स जड, त्यामुळे सगळं वजन पुढे ओढलं जायचं. तार असल्याने पट्टा मानेच्या आकाराने वळायचा नाही, आणि खालचं रबर मंगळसूत्राला धरून ठेवायचं. काळे मणी पट्टा आणि कातडी यांच्या मधे सापडायचे. घरी आल्यावर ती मानेला खोबरेल लावत बसायची. मानेवर मण्यांची रांग उमटलेली असायची, लाल.

"अहो, मणी रुततात हो."

"सवय होईल."

"पट्टा बदलू या का?"

"चांगला भक्कम आहे. लेन्स केवढ्याची आहे, माहीत आहे ना?"

लेन्स केवढ्याची आहे हे मी तिलाच विचारत होतो.

मग तिने तिचा मार्ग काढला. येऊरच्या फाटकापाशी पोचलो की ती मंगळसूत्र काढून लेन्सच्या पिशवीतल्या चेनच्या कप्प्यात ठेवायची, कॅमेरा गळ्यात अडकवायची, आणि परतताना तिथेच पुन्हा घालायची. एक-दोनदा साखळीचा फासा लावून द्यायला मीच मदत केली होती. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. ते का काढते, कुठे ठेवते, कधी घालते. हे लिहिल्याशिवाय पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

त्या उन्हाळ्यात तिला एका वाळक्या फांदीत तांबटाची ढोली सापडली होती. नर-मादी आळीपाळीने फळं घेऊन यायची. ती दर रविवारी त्याच जागी उभी राहून फोटो काढायची. आधी नुसतं भोक, मग भोकातून डोकावणारी चोच, मग पिल्लाचं डोकं. त्या रविवारी सकाळी चढ चढताना मला म्हणाली, "पुढच्या खेपेला बाहेर येतील बघा. पहिली झेप मिळाली ना, तर मला दुसरं काही नको." तिला इतकं उत्सुक मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

फिरून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे दगडांवर बसलो. कोणाच्या डब्यात पोहे, कोणाकडे थर्मासमध्ये चहा. तिच्या कॅमेऱ्यात सगळे वाकून वाकून ढोलीचे फोटो बघत होते. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं.

"अगंबाई, वहिनी, मंगळसूत्र कुठे? पडलं की काय?"

"नाही हो, पिशवीत आहे. पट्ट्यात अडकतं ना, म्हणून काढून ठेवते."

एवढ्यावर ते संपलं होतं. त्या बाईंनी मान डोलावली, पोह्यांकडे वळल्या. मी मधे बोललो.

"पट्ट्याचं निमित्त हो. मी अजून आहे म्हटलं! एवढी कसली घाई झालीय हिला?"

मंडळी खळखळून हसली. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. "काय राव, सांभाळून राहा," म्हणाला. त्यावर मी आणखी एक वाक्य जोडलं, "पक्ष्यांच्या नादाने घरटं विसरली." पुन्हा हशा.

तीही हसली. मग तिने कॅमेरा गळ्यातून काढून माझ्यापुढे धरला. "धरा जरा." पिशवीची चेन उघडली, मंगळसूत्र काढलं आणि तिथेच, सगळ्यांच्या समोर, घातलं. फासा लावायला हात मागे नेले तेव्हा मी पुढे झालो नाही. माझ्या हातात कॅमेरा होता, हे एक कारण झालं.

मी कॅमेरा परत देऊ लागलो तर म्हणाली, "असू दे तुमच्याकडे."

त्या दिवशी येऊरचा सगळा उतार मी तो गळ्यात घालून उतरलो. माझ्या गळ्यात ना मणी ना साखळी, तरी उपवन तलावापर्यंत येईतो तारेची कड मानेत घुसू लागली होती. मी दोनदा पट्टा सरकवला. ती शेजारून चालत होती, तिने ते पाहिलं. हा पट्टा खरंच रुततो, असं मी तेव्हा रस्त्यातच म्हणू शकलो असतो. रिक्षा केली.

पुढच्या रविवारी मी बूट घालत होतो, तर ती ओट्यापाशी गवार मोडत बसलेली.

"येत नाहीस? पिल्लं बाहेर येणार ना आज?"

"मान दुखतेय."

हे खोटं तिने बोलायला घेतलं, माझी लाज झाकायला. मी ते लगेच उचललं. गटात सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं. एवढंच नाही, तिला हाडांच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेलो. एक्स-रे काढला, मानेचे व्यायाम लिहून घेतले. डॉक्टर म्हणाले, "वयानुसार आहे थोडं. कॅमेरा वगैरे बंद करा." ती म्हणाली, "बंदच आहे." पुढे कित्येक दिवस ती सकाळी खुर्चीत बसून मान उजवीकडे, मान डावीकडे असे व्यायाम करायची, आणि मी समोर पेपर उघडून बसायचो. न दुखणाऱ्या मानेचे व्यायाम. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

काही महिन्यांनी मी एकटाच नौपाड्यात गेलो आणि तो रुंद, तिरका घालायचा पट्टा घेऊन आलो. वाटलं, तोंडाने बोलायचं ते हा पट्टा बोलेल. तिने तो बोटांनी दाबून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"छान आहे. पण माझं मानेचं दुखणं आहे ना?"

असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलावं म्हणून ती थांबली होती. संसार इतक्या वर्षांचा, एवढं मला कळत होतं. एक "नाही" म्हणायचं होतं. नाही, तुला दुखणं नाही, मी बोललो ते वाईट बोललो.

मी म्हणालो, "हो, ते आहेच."

"मग परत करून या. वापरलेला नाही, घेतील."

दुकानदाराने विचारलं, "काय झालं साहेब, आवडला नाही?" मी म्हणालो, "मान दुखते तिची."

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. गॅलरीत उभं राहून साळुंक्या, शिंपी बघायची. मी समोर आलो की कपडे वाळत घालायला घ्यायची. आमच्यात भांडण नव्हतं. कामाचं सगळं बोलणं व्हायचं. आता तिला जाऊन दोन पावसाळे झाले.

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, आईचा कॅमेरा मी नेऊ? पण हा पट्टा नको बाई. केवढा कडक आहे! आईची मान त्यानेच गेली असणार. चला, दुसरा बघू." आम्ही रिक्षाने नौपाड्यात गेलो. आता दुकानात पट्टे कितीतरी तऱ्हांचे. तिने प्रत्येकाला कॅमेरा लावून, दुकानात दोन फेऱ्या मारून पाहिलं, हूक ओढून पाहिला, खांद्यावर शिवण कुठे येते ते पाहिलं. मला काही विचारलं नाही. शेवटी एक रुंद पट्टा तिरका घातला, कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला, सोडला. तिच्या गळ्यात काहीच नव्हतं. ती रोज मंगळसूत्र घालत नाही, आणि जावई त्यावर काही बोललेला मी कधी ऐकला नाही.

"हलका वाटतो हो अगदी. बाबा, आईने तेव्हाच असा का नाही घेतला?"

दुकानात फक्त आम्ही दोघं आणि दुकानदार. वेळही होता.

"तेव्हा असे मिळत नसत," मी म्हणालो.

म्हणून हे लिहितोय. मुलगी वाचेल. तेव्हा असे पट्टे मिळत होते, बाळा. तुझ्या आईने तो अंगावर घालून पाहिला होता. मी काढायला लावला.

आणि मला तिला जे सांगायचं होतं, ते काही फार मोठं नव्हतं. गवार मोडत होती तेव्हा शेजारी बसून सांगता आलं असतं. अगं, तू गळ्यात काय घालावंस आणि काय काढून ठेवावंस, ते तुझं तू ठरवायचंस. चारचौघांत मी तुला हसवलं नाही, तुझं हसं केलं. चुकलं माझं. ऊठ, कॅमेरा घे, पिल्लं उडायच्या आत पोचू.