आधी गव्हाण, मग बंदूक

आमच्या नेर तालुक्यात माह्या मामाएवढा सरळ मनाचा अन् उलट्या डोक्याचा माणूस दुसरा झाला नाही. त्याईच्यावर मी जेवढा चिडलो तेवढा जन्मात कोणावर चिडलो नाही, अन् अजूनही अर्धा चिडूनच आहो.

यवतमाळच्या क्लबात तीनशे यार्डांवरच्या निशाण्याची स्पर्धा सुरू झाली, तवा मी विशीतला होतो. नजर माही तेज, अन् लायसन मामाचं; रोही, म्हणजे नीलगाय, तूर खाऊन जाते म्हणून त्याईले भेटलं होतं. एकाच रायफलीवर दोघंही खेळू, असं ठरलं. जो जिंकन तो नागपूरच्या मोठ्या स्पर्धेत जाईन, अन् मले नागपूरशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मी मामाले समजावलं का आधी रायफल घ्या, मग काडतुसं, मग पोटभर सराव. दुर्बीण नंतर, अन् हॅट कधीच नाही. मामानं मान डोलावली अन् दुसऱ्या दिवशी हॅट आणली.

हॅटीमागून बूट आले. मग रायफलीची लाकडी पेटी, आत लाल मखमल, जशी काही नवरी बसणार हाये. मग नळी पुसाची सळई, तेलाचा डबा, निजून नेम धराले ताडपत्री. रायफलीचा पत्ता नाही. मी गाल फुगवून, मिशीवर बोट फिरवून मामाची नक्कल केली का पारावरचे लोक लोटपोट होत, पण माहा जीव जळून राह्यलता. एक दिवस तोंडावरच इचारलं, त मामा शांतपणे म्हणे, "अबे, बैल आणाच्या आधी गव्हाण बांधतेत का नाही? आलेल्या बैलाले काय हातात धरून उभा राहू?"

वरून अजून एक कायदा. नवी वस्तू खंडेनवमीले, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पुजल्याशिवाय वापराची नाही. बूट नेमके दसरा झाल्यावर चौथ्या दिवशी आणले, त सालभर बूट पेटीत अन् मामा त्याच फाटक्या चपलेत.

तिसऱ्या वर्षी रायफल आली. तिच्यासंगं रायफलीवर बसवाची जुनी दुर्बीण आली, अन् मूठभर काडतुसं. त्या सालची स्पर्धा दसऱ्याच्या पाठोपाठ होती. सराव करू म्हटलं, त मामा म्हणे पूजा झाल्यावर. मी इतका भडकलो का पूजेलेच गेलो नाही. मामीनं दोनदा निरोप धाडला, तरी घरीच बसलो.

स्पर्धा लोहाऱ्याच्या माळावर. ताडपत्रीवर निजलो, दुर्बिणीले डोळा लावला, त सारं जग लाल. निशाण्याची पाटी लाल, माळ लाल, आभाळही लाल. मामानं मोठ्या भक्तीनं दोन्ही काचांले तेलात कालवलेलं कुंकू माखलं होतं. धोतरानं पुसलं, त अजूनच पसरलं. दुर्बीण काढून फेकावी म्हटलं, त स्क्रू खोलाचा पेचकस तेवढा मामानं घेतला नव्हता. पाच गोळ्या सुटल्या, एकही पाटीले शिवली नाही. नागपूर गेलं.

मी उठलो अन् साऱ्या क्लबासमोर मामाच्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं, "मामा, पोळ्याले कुंकू बैलाच्या कपाळाले लावतेत, त्याच्या डोयात नाही भरत."

लोक पोट धरून हासले. मामाही हासले, मग थांबले. हॅट काढून हातात घेतली.

"बैलाचा डोया मले समजते रे," म्हणे. "या दुर्बिणीचा कोणता, थे सांगाले तू पूजेले याले पाहिजे होता."

मामा जाऊन दोन वर्ष झाले. रायफल सरकारात जमा झाली, दुर्बीण मामीनं मले देली. लोक अजून मामाची नक्कल कर म्हणतेत, मी करतोही. पण हॅट काढल्यावरचा तो आवाज काही मले जमत नाही. खंडेनवमीले दुर्बीण पाटावर ठेवतो. मामी कुंकवाचं बोट घेऊन येते, अन् मी दोन्ही काचांवर तळहात ठेवून बसतो.