पाठीवरचं तेल

सुरतेत यंत्रमागावर कामाला लागलो तेव्हा शेजारच्या मागावर विदर्भातला एक माणूस होता. त्याच्या सदऱ्याची पाठ कायम तेलानं काळी. मला वाटायचं, हा धूतच नसेल.

भिंत आणि माग यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची वाट. समोरून कोणी आलं की तो त्याला भिंतीकडून जाऊ द्यायचा, स्वतः पोट आत घ्यायचा आणि येणाऱ्याचा सुटा सदरा मुठीत धरायचा, फिरत्या पट्ट्यात अडकू नये म्हणून.

एकदा चहा पिताना म्हणाला, "भाऊ, मी कलकत्त्याले जमिनीखालच्या रेल्वेत रुळाच्या कामावर होतो. भुयारात दोन गाड्या हातभर अंतरानं जातात. आवाज आला की पहिले सोबत्याले भिंतीच्या कोनाड्यात सारायचं, मग आपण शिरायचं. ते सवय काही जात नाही."

दिवाळीला गावी गेला तो परतलाच नाही. त्याचा माग मला मिळाला. समोरून कोणी आलं की मीही आपसूक त्याला भिंतीकडून जाऊ द्यायचो, स्वतः मागाला टेकायचो.

आठवड्यानं बायकोनं माझा सदरा धुवायला घेतला आणि पाठीवरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. "पाठले हाई काय लागनं?"

"मागाचं तेल," मी म्हणालो. वर्षभर मी त्या माणसाला मळका समजत होतो.