चव्वेचाळिसाव्या वर्षी नारळ

मोठ्या टेनिस स्पर्धेत चाळिशीकडे झुकलेला गडी पंचविशीतल्या पोराला पळवून पळवून दमवतो, हे आता टीव्हीवर नवीन राहिलेलं नाही. दुहेरीत तर चाळिशी उलटलेले करंडक उचलतात. ‘सगळ्यात जास्त वयाचा विजेता’ असं निवेदक कौतुकाने सांगतो. आमच्या क्लबातले लोक हे बघून टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी मला विचारतात, “सर, गुडघे लई दुखत असतील ना आता?”

माझे गुडघे दुखत नाहीत. डोकं दुखतं.

ही गोष्ट घडली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. नेकनूरला शाळेत शिकवायचो. पहाटेच्या एसटीने बीडला यायचो, क्लबात खेळायचो आणि शाळेच्या वेळेला परत. इतकी वर्षं खेळून क्लबाच्या स्पर्धेत कधी फायनल गाठली नव्हती. त्या वर्षी गाठली. समोर अध्यक्षांचा पुतण्या होता, तेवीस वर्षांचा, सर्व्हिस अशी की रॅकेट हातातून निसटावी. मला ती फायनल खेळायची होती. बाकी काही नको होतं.

मॅच सकाळची, पाहुणे उगवले दुपारी. पुढारी म्हटल्यावर हे चालायचंच. आधी सत्कार, हेही ठरलेलंच. मला फेटा बांधला, शाल पांघरली, हातात श्रीफळ दिलं. मी खुळ्यासारखा हात जोडून उभा. मग सचिव माइकवर म्हणाले, “आमचे सर आजपासून मार्गदर्शक म्हणून राहणार हायेत. त्यांनी मोठ्या मनानं ही फायनल तरुण पिढीसाठी सोडली.”

टाळ्या पडल्या. आपल्याकडे कामावरून काढलं की नारळ दिला म्हणतात. मला तर भर मांडवात, फेटा बांधून, खराखुरा दिला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“मी कवा सोडली?” मी विचारलं.

सचिव माइकवर हात ठेवून पुटपुटले, “सर, कावून तमाशा करता? एवढा मान भेटला, अजून काय पायजे?”

“मॅच पायजे.”

नारळ पाहुण्यांसमोर ठेवला, शाल घडी न करताच खुर्चीवर टाकली. फेटा सोडायला वेळ लागला, चांगला आवळून बांधला होता. तोवर पुतण्या कोर्टवर जाऊन उभा राहिला होता. “या सर. फुकटचा कप मला बी नगं,” तो म्हणाला. त्या मांडवात शहाणा तेवढा तोच.

तिसऱ्या सेटला दोघांचीही दमछाक झाली. त्याचे पाय थांबले, माझे रागाने चालत राहिले. सात-पाच जिंकलो. पोरगा पाया पडायला वाकला, तेही मला आवडलं नाही. क्लबाचा सगळ्यात जास्त वयाचा विजेता मी, पण ते माइकवर कोणी सांगितलं नाही. पाहुणे निघून गेले होते आणि माइकवाला वायर गुंडाळत होता.

पुढच्या वर्षी फलकावर स्पर्धेची सूचना लागली. खाली नवीन अट होती: वय पस्तीसच्या आत. जगातल्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेत अशी अट नाही. मी सचिवांना जाब विचारला.

“सर, नियम सगळ्यांनाच हाय,” ते म्हणाले.

पस्तिशीच्या वरचा, स्पर्धा खेळणारा, क्लबात मी एकटाच होतो.