तांब्याच्या घागरीतले पाणी आणि एक अहवाल

मार्गशीर्षातला सोमवार: आवळ्याच्या सरबताची सीलबंद बाटली प्रयोगशाळेत दाखल. मंगळवार सकाळ: नमुना पाण्यात कालवला. मंगळवार दुपार: मोजणी. शुक्रवार: अहवाल रवाना, शेरा ‘निकृष्ट’. वर्ष आणीबाणी उठल्याचे, गाव वर्धा.

जबाबदार इसम तीन. पहिले, प्रयोगशाळेचे तत्कालीन प्रमुख. दुसरा, पाणी भरणारा शिपाई. त्याचा दोष मी सर्वांत कमी मानतो. तिसरा मी. मोजणी माझी आणि अहवालावरील सहीही माझी.

ते सरबत माझ्या थोरल्या बहिणीचे होते. नालवाडीतल्या दहा-बारा बायकांना एकत्र करून तिने ते सुरू केले होते आणि मुलींच्या एका वसतिगृहात ते रोज जात असे. बाटलीवर ‘क जीवनसत्त्वयुक्त’ असे छापायची कल्पना माझीच. नातेवाइकाचा नमुना मी तपासू नये, हे प्रमुखांना मी तोंडी सांगितले होते. लेखी द्यायला हवे होते.

मोजणीची रीत साधी आहे. नमुन्यात ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, निळे रंगद्रव्य थेंबाथेंबाने सोडायचे. क जीवनसत्त्व शिल्लक असेपर्यंत प्रत्येक थेंब रंग गमावतो. ते संपले की फिकट गुलाबी छटा टिकून राहते. जितके रंगद्रव्य खर्च झाले, तितके जीवनसत्त्व. परंतु हवा लागताच हे जीवनसत्त्व नासू लागते, म्हणून नमुना ठरावीक आम्लात कालवून ताबडतोब मोजायचा असतो. त्या आठवड्यात ते आम्ल संपले होते. मागणीपत्र मी दोनदा लिहिले होते. प्रमुख म्हणाले, “डिस्टिल्ड पाण्यात करा. काही बिघडत नाही.”

मी नमुना पाण्यात कालवला आणि ब्युरेट भरणार, तोच त्यांनी हाक मारली. नागपूरला एक खुलासा पाठवायचा होता. “मसुदा तुमच्याशिवाय कुणाला जमणार?” या वाक्याला मी भुललो. दोन तास मी शब्द घासत बसलो आणि तेवढा वेळ शंकूपात्र टेबलावर उघडे राहिले. परतल्यावर मोजणी केली. अगदी थोड्या थेंबांत गुलाबी रंग टिकला. मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा तेच.

शेरा कळताच वसतिगृहाने सरबत बंद केले. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी बहिणीबरोबर होतो. भाजीच्या पालाशी बसलेल्या ओळखीच्या बाईने हसत विचारले, “काऊन वो ताई, निस्तं साखरपानी पाजत होत्या का पोरीयले?” बहिणीने भाजी न घेताच पिशवी गुंडाळली. घरी आल्यावर मला म्हणाली, “भाऊ, तूच मोजलं ना? मंग खोटं कसं असीन? आमच्याच हाताले काई झालं असीन.”

तिने मला दोष दिला असता तर बरे झाले असते.

कारण मला पुढे पौषात सापडले, तेही योगायोगाने. डिस्टिल्ड पाण्याची काचेची बरणी कोरडी होती आणि शिपाई कोपऱ्यातल्या तांब्याच्या घागरीतून तेच डिस्टिल्ड पाणी काढत होता. घागर चिंचेने घासून लखलखीत केलेली.

“हे पाणी इथे कधीपासून?”

“दिवाळीपासून, साहेब. काचेत पानी मरते. तांब्यातलं गंगेसारखं राह्यते. घरी देवाले बी तेच ठेवतो.”

“मला सांगितले का नाही?”

“तुमी पुसलं कुठी? पुसलं असतं त सांगितलं असतं.”

त्याने भक्तिभावाने केले होते. पण पाण्यात उतरलेले तांबे, अगदी लेशमात्र असले तरी, क जीवनसत्त्वाचा नाश कितीतरी पटीने वाढवते. बहिणीकडून त्याच घाण्याची एक न उघडलेली बाटली आणली. एक भाग घागरीतल्या पाण्यात कालवला, एक काचेतल्या ताज्या पाण्यात, आणि दोन्ही दोन तास ठेवले. घागरीच्या पाण्यातला नमुना पूर्वीसारखाच चटकन गुलाबी झाला. काचेतला मात्र थेंबामागून थेंब पीत राहिला.

मी प्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, “नुसत्या पाण्याची कोरी तपासणी स्वच्छ आली होती ना? मग पाणी निर्दोष.”

“कोरी तपासणी पाणी स्वतः किती रंग खाते तेवढेच सांगते, साहेब. ते जीवनसत्त्वाचे काय करते, हे सांगत नाही.”

“मोजणी तुमची, सही तुमची. आता बहिणीसाठी पाणी आमचे वाईट?”

फेरतपासणीसाठी मूळ नमुन्याचा जपून ठेवायचा भाग मी मागितला. तो फेकून दिला होता. दुरुस्त अहवालाचा मसुदा मी टेबलावर ठेवला. त्यांनी तो न वाचता परत केला. त्यानंतर मी लिहिलेल्या अर्जांना पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. बढती नाकारून मी त्याच खोलीत राहिलो, कारण ती फाइल तिथे होती.

बायका एकेक करून पांगल्या. बहिणीने उरलेल्या बाटल्या अंगणात ओतल्या, कोणाला फुकटही दिल्या नाहीत. चूक पाण्याची होती हे मी तिला परोपरीने सांगितले. ती मान हलवायची. पण सरकारी कागदावर जे लिहिले आहे ते माझ्या बोलण्यापेक्षा मोठे, हीच तिची समजूत होती, आणि ती समजूत मीच तिला आयुष्यभर शिकवली होती. गेल्या वर्षी ती गेली. तो शेरा आजही कायम आहे.

माझी चूक मी येथे लिहून दिली आहे. प्रमुख सेवानिवृत्त होऊन याच शहरात राहतात. त्यांनी खासगीत सांत्वन करू नये, घरी बोलावू नये. जिल्ह्यातल्या कोणत्याही वर्तमानपत्रात, स्वतःच्या नावाने, एवढेच उत्तर द्यावे: आम्लाशिवाय मोजणीचा हुकूम आपण दिला होता की नाही, आणि चूक कळल्यावर दुरुस्त अहवाल आपण कोणत्या नियमाखाली अडवला?