त्यांच्या इंग्रजीत माझी आई रडली

वर्गात एका मुलाला उलटी झाली. बाकावर, फरशीवर, त्याच्याच दप्तरावर. दादरची शाळा, सातवीचा वर्ग, फळ्यावर अर्धं गणित. बाईंनी नाकाला पदर लावला. वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

"ऊठ गं. आज तुझी आई आली नाहीये. पुसून घे."

मी बसूनच राहिले. वाटलं, चुकून म्हणाल्या.

"बघतेस काय? तुला येतं."

माझी आई त्या शाळेत झाडू मारायची, संडास धुवायची. त्या दिवशी तापाने घरी होती. मी उठले. फडकं आणलं. पुसलं. सगळा वर्ग बघत होता. ज्याला उलटी झाली तोही बघत होता. हात धुऊन जागेवर आले तर शेजारची मुलगी बाकाच्या पार टोकाला सरकली.

दुसऱ्या दिवशी आई अंगात ताप घेऊनच शाळेत आली. मला हाताला धरून बाईंच्या टेबलासमोर उभं केलं. आम्ही काळाचौकीचे, पण आईची बोली गावची, मालवणी. म्हणाली, "पोरगी हय शिकूक येता. झाडूक मी येतंय. परत हिच्या हातात फडको दिलात, तर तोच आणून ह्या टेबलार आपटीन."

आवाज चढवला नाही. मला परत कुणी उठवलं नाही.

आता मी परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये आहे. रक्त तपासते. मध्यंतरी स्वतःची वेबसाइट काढली. चाळीतल्या बायकांचं, आईचं, माझं, जे घडलं ते तिथे लिहिते. हेही लिहिलं. आईला विचारून, तिच्या नावासकट. बाईंच्या आडनावासकट.

मग एक फोन आला. गिरगावातल्या, खोताच्या वाडीत राहणाऱ्या एक मॅडम. अनुवाद करतात. मराठी एकदम इस्त्रीचं.

"ताई, तुमचं लेखन फार अस्सल आहे. आम्हाला ते इंग्रजीत आणून आमच्या साइटवर द्यायचंय. तुमची फक्त परवानगी हवी."

अस्सल. तूप असल्यासारखं. आणि 'फक्त' परवानगी. आमच्याकडे कुणी गोड बोलत आलं की मी आधी त्याच्या मागे बघते, अजून कोण उभं आहे. म्हटलं, आधी एका लेखाचा अनुवाद करून पाठवा.

"विश्वास नाही का आमच्यावर?" त्या हसत म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. त्यांना वाटलं, मी मस्करी करतेय.

अनुवाद आला. उलटी पुसल्याच्या लेखाचाच. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाचला. इंग्रजी छान होतं. माझ्यापेक्षा कितीतरी छान. त्यात बाई म्हणत होत्या, बाळा, जरा मदत करतेस का? 'तुला येतं' गायब. आई दुसऱ्या दिवशी येते, हात जोडते, रडते, म्हणते, माझ्या लेकीला शिकू द्या. आईचं नाव नाही. बाईंचं आडनाव नाही. डबा तसाच बंद केला.

घरी आईसमोर बसले. तिने सिरियलचा आवाज बंद केला. मी इंग्रजीचं परत मराठी करून सांगितलं.

"मी हात जोडलंय?"

"असं लिहिलंय."

"आणि रडलंय?"

"हो."

आईने टीव्हीच बंद केला. मग म्हणाली, "त्या बाईसमोर रडूचा नाय म्हणान रस्ताभर दात आवळून चलत इललंय मी. ह्यांका कोणी सांगल्यान, मी रडलंय?"

सुट्टीच्या दिवशी मी खोताच्या वाडीत गेले. मॅडमनी व्हरांड्यात बसवलं. सरबत दिलं. मी ते तसंच ठेवून विचारलं, आई का रडली?

"बाहेरच्या वाचकाला सहानुभूती वाटायला हवी ना. मूळ प्रसंगात तुमच्या आई जरा कठोर वाटतात. धमकीच दिल्यासारखं."

"धमकीच दिली होती."

"हो, पण..."

"बाईंचं आडनाव?"

"त्यांच्या घरचे असतील हो अजून. उगाच कशाला कुणाला दुखवा?"

"आणि आईचं नाव?"

"नाव गाळलं की ती सगळ्यांची आई होते."

"तिला सगळ्यांची व्हायचं नाहीये."

मॅडमनी श्वास सोडला. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "हे बघा, अनुभव तुमचा आहे. त्याला हात कोण लावतंय? पण लिहिणं आमच्यावर सोडा. ते आम्हाला येतं."

शाळेतल्या बाईंनी माझ्या हाताला काय येतं ते ठरवलं होतं. ह्या मॅडम माझ्या हाताला काय येत नाही ते ठरवत होत्या. इतक्या वर्षांनी, इतक्या गोड आवाजात. सातवीत माझ्यासाठी बोलायला आईला यावं लागलं होतं.

"परवानगी देत नाही," मी म्हटलं.

"अहो, घाई नको. तसं पाहिलं तर तुमचे लेख नेटवर उघडेच आहेत. आम्ही विचारलं तरी."

म्हणजे न विचारताही चाललं असतं. हे त्यांच्या मनात पहिल्या फोनपासून होतं. माझा संशय खोटा नव्हता.

"उघडे आहेत ते वाचायला," मी म्हटलं. "एक शब्द उचललात तर तुमचं नाव आणि हा अनुवाद, दोन्ही माझ्या साइटवर टाकीन. मूळ शेजारी ठेवून."

उठले. त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी साइटवर वरच लिहिलं. अनुवादासाठी लेखी परवानगी घ्यावी. नावं बदलायची नाहीत. शिव्या, धमक्या गाळायच्या नाहीत. घडलं नाही ते घालायचं नाही. मी प्रत्येक ओळ वाचून हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही.

नंतर एकाने अनुवादासाठी विचारलं. अटी कळवल्यावर मागे फिरला. फिरू दे. आणखीही फिरतील. दुसऱ्या भाषेत जायचं म्हणून माझी माणसं कुणासमोर हात जोडणार नाहीत. नाही गेली तर मराठीत राहतील, ताठ. लिहायचं मी थांबवणार नाही. आणि परवानगी माझ्याच हातात राहील.